विवरणपत्र दोनदा, कर मात्र एकदाच

ठाणे जिल्ह्यातील कल्याण-कर्जत लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही नगरे ओळीने वसलेली आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले व पुढे ते व्यापार आणि लघुउद्योगांचे केंद्र बनले. अंबरनाथ येथे आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहत आहे. बदलापुरात कर्ज काढून घर घेतलेली अनेक नोकरदार कुटुंबे राहतात. अशा पगारदारांच्या वस्तीत आयकराचे विवरणपत्र हा घरोघरचा विषय होय.

कधी कधी एकाच वर्षाचे विवरणपत्र दोनदा भरले जाते. कागदपत्रे कर सल्लागाराकडे दिलेली असतात आणि तिकडे घरातील मुलगा संकेतस्थळावर तेच काम उरकतो. काही वेळा माहिती सादर झाल्यावरही करदात्यास खात्री वाटत नाही व तो पुन्हा आरंभापासून भरू लागतो. नंतर दोन पोचपावत्या हाती आल्या की कर दोनदा द्यावा लागेल, दंड होईल, अशी धास्ती वाटते.

ही भीती अनाठायी आहे. कराची आकारणी पॅन व वर्ष यांवर होते. पोचपावत्यांच्या संख्येवर होत नाही. तथापि, कोणते विवरणपत्र ग्राह्य धरले जाईल हे समजून घेणे अगत्याचे आहे.

विवरणपत्र सादर करणे व त्याचे सत्यापन करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. सत्यापन आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवरील संकेतांकाने, नेट बँकिंगने किंवा स्वाक्षरी केलेली प्रत बंगळुरू येथील केंद्रावर पाठवून करता येते. यासाठी पूर्वी १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२ पासून ही मुदत ३० दिवसांवर आणण्यात आली. सत्यापन न झालेले विवरणपत्र अवैध ठरते.

पहिल्याचे सत्यापन झालेले असेल, तर त्यानंतरचे ‘सुधारित’ म्हणून भरावे लागते व त्यात पहिल्याचा पोचपावती क्रमांक आणि दिनांक नमूद करावा लागतो. सुधारित विवरणपत्र मूळ विवरणपत्राची जागा घेते. म्हणूनच घाईत भरलेल्या दुसऱ्या विवरणपत्रात मुदत ठेवीवरील व्याज राहून गेले, तर मूळचे बिनचूक असूनही चूकच पुढे चालू राहते.

पहिल्याचे सत्यापन बाकी असेल, तर ते रद्द करण्याची सोय संकेतस्थळावर २०२३ पासून आहे. तिचा वापर मात्र विचारपूर्वक व्हावा. समजा, एका शिक्षकाने २८ जुलै रोजी विवरणपत्र सादर केले, सत्यापन राहिले, आणि ३१ जुलैची मुदत संपल्यावर १२ ऑगस्टला हे ध्यानात आले. त्याच विवरणपत्राचे ३० दिवसांच्या आत सत्यापन केल्यास २८ जुलै हाच दिनांक कायम राहतो. ते रद्द करून नवे भरल्यास ते विलंबित ठरते. उत्पन्न ५ लाख रुपयांहून अधिक असल्यास विलंब शुल्क ५ हजार रुपये, त्याहून कमी करपात्र उत्पन्नास १ हजार रुपये इतके पडते. शिवाय विलंबित विवरणपत्रात जुनी करप्रणाली निवडता येत नाही. परिणामी राहत्या घराच्या कर्जावरील २ लाख रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट त्या वर्षापुरती हातची जाते. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबास ही हानी विलंब शुल्काहून कितीतरी भारी पडते.

दोन विवरणपत्रांबरोबर कराचा भरणाही दोनदा झाला असेल, तर दोन्ही चलने विभागाच्या करविषयक विवरणात दिसतात का हे पाहावे. दोन्ही रकमा विवरणपत्रात दाखविल्यास जादा रकमेचा परतावा मागता येतो.

या कामी ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांना इतरांस मोलाचे मार्गदर्शन करता येईल. विवरणपत्र भरण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी, संकेतस्थळाचा परवलीचा शब्द करदात्याने स्वतःकडे ठेवावा, आणि पोचपावती व चलन वर्षवार एकत्र जपून ठेवावे. दुसरे विवरणपत्र भरण्यापूर्वी किंवा पहिले रद्द करण्यापूर्वी संकेतस्थळावर पहिल्याची स्थिती व दिनांक तपासून घ्यावा. एवढी दक्षता घेतल्यास बहुतेक अडचणी घरबसल्या दूर होऊ शकतील.