तिजोरीच्या चाव्या: भाचीला पत्र

कुर्डुवाडी,
१० डिसेंबर २०२५

चि. सोनू,

तुझा फोन झाल्यापासून सविस्तर लिहायचं मनात होतं. दर महिन्याच्या पगारातून तू थोडं थोडं बिटकॉइन घेतेस आणि आता ते एक्स्चेंजवरच ठेवावं की स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्यावं, असा तुझा प्रश्न होता. ताई आणि भाऊजींना या सगळ्याची धास्ती वाटते, तुला ती अनाठायी वाटते. घ्यावं की घेऊ नये यात मी पडत नाही. पैसा तुझ्या कष्टाचा आहे. सांभाळण्याबद्दल मात्र लिहितो, कारण माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश विभागात, तिजोरीच्या चाव्या सांभाळण्यात गेली.

शाखेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. चाव्या दोन, अधिकारी दोन. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी रोकड मोजून, रजिस्टरवर दोघांनी सह्या करून बंद करायची. डुप्लिकेट चाव्या सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत असतात, म्हणजे एका इमारतीला आग लागली तरी तिजोरी कायमची बंद पडत नाही. शिवाय आगाऊ न कळवता होणारी तपासणी. खातेदाराला यातलं काही दिसत नाही, पण त्याची झोप या शिस्तीवर अवलंबून असते. तू बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतलंस की कॅशियर, पहारेकरी, तपासनीस आणि वारसांचे कागद पाहणारा कारकून ही सगळी माणसं तूच होतेस. मला सांगायचं ते एवढंच आहे. पुढे लिहितो तो त्याचाच विस्तार.

आधी मुळातलं समजून घे. वॉलेटमध्ये नाणी नसतात. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहे याची नोंदवही ३ जानेवारी २००९ पासून सुरू आहे आणि तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. तुझ्याकडे असते ती सही करण्याची गुप्त चावी. त्या चावीने सही झाली की रक्कम हलते. सही करणाऱ्याचं नाव, आधार, चेहरा कोणी विचारत नाही, आणि एकदा पक्का झालेला व्यवहार परत फिरवणारं कोणी नाही. बँकेत चुकीच्या खात्यात पैसे गेले तर अर्ज करायला खिडकी तरी असते. इथे खिडकीच नाही.

आता तुझा प्रश्न. एक्स्चेंजवर ठेवलंस तर चावी कंपनीकडे आणि तुझ्याकडे कंपनीचा शब्द. तो शब्द कधी किती टिकतो याची दोन उदाहरणं आपल्याकडचीच आहेत. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये चोरीला गेले. ते वॉलेट एका सहीचं नव्हतं, त्याला अनेकांच्या सह्या लागत होत्या. कंपनीचं म्हणणं असं की सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही भलत्याच व्यवहारावर झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदन काढून या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं म्हटलं. ग्राहकांना आपली नाणी काढता येईनात. सिंगापूरच्या न्यायालयाने परतफेडीची योजना मंजूर केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्स्चेंज पुन्हा सुरू झालं. मधलं सव्वा वर्ष लोक ताटकळत बसले. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजमधूनही सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या कामाच्या खात्यातून गेले होते आणि तो तोटा कंपनीने सोसला. म्हणजे एक्स्चेंजवरच्या पैशाचं काय होणार हे कंपनीच्या व्यवस्थेवर आणि तिच्या ऐपतीवर ठरतं, तुझ्या सावधपणावर नाही.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. महिन्याभराच्या पगाराइतकी रक्कम एक्स्चेंजवर राहिली तर चालेल. एक्स्चेंज केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे ना, एवढं पाहून घे. ही नोंदणी मार्च २०२३ पासून बंधनकारक आहे. पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला असावा. लॉगिनचा दुसरा कोड एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर घे, कारण बनावट कागदांवर तुझ्या नंबरचं दुसरं सिम काढलं की एसएमएस चोराच्या फोनवर जातो. ज्या ई-मेलवरून हे खातं उघडलंस त्यालाही हीच कडी लाव. ई-मेल हाती लागला की बाकीचे पासवर्ड बदलून घेणं सोपं असतं.

रक्कम त्याहून वाढली तर हार्डवेअर वॉलेट घे. पेनड्राइव्हएवढं हे उपकरण चावी आपल्या पोटात ठेवतं आणि सहीपुरतंच काम करतं, त्यामुळे संगणकात किंवा फोनमध्ये व्हायरस शिरला तरी चावी बाहेर येत नाही. ते थेट उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घे, कोणाचं वापरलेलं स्वस्तात घेऊ नकोस. आणि डब्यात आधीच लिहिलेले शब्द असलेला कागद निघाला तर ते उपकरण चोराने तयार करून पाठवलंय असं समज.

हे शब्द म्हणजे सगळ्याचं सार. पहिल्यांदा सुरू करताना उपकरण तुला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. ते २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. उपकरण हरवलं, मोडलं, कंपनी बंद पडली, तरी हे शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये घातले की तुझं सगळं जसंच्या तसं परत मिळतं. पण हेच शब्द ज्याला मिळाले, त्यालाही ते सगळं मिळतं. त्यांचा फोटो काढायचा नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत. गुगल ड्राइव्ह, नोट्स, ई-मेल, कुठेही टाइप करायचे नाहीत. स्वच्छ अक्षरात, क्रमांक घालून, कागदावर दोनदा लिही आणि पडद्याशी एकेक शब्द ताडून पाहा.

कागदाला पाणी, वाळवी आणि आग यांचं भय आहे. रक्कम मोठी झाली तर हे शब्द स्टीलच्या पट्टीवर उमटव. या यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरंच त्याची ओळख पटवायला पुरतात, त्यामुळे काम फार नाही. मात्र आपण भांड्यांवर नाव घालून घेतो तशी पट्टी दुकानात देऊ नकोस. अक्षरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दार लावून, हातोडी घेऊन स्वतः ठोक. एक प्रत तुझ्याकडे, दुसरी वेगळ्या गावात. इथे ताईच्या कपाटात सीलबंद पाकीट ठेवलंस तरी चालेल. अर्धे शब्द इथे आणि अर्धे तिथे, असली युक्ती लढवू नकोस. एक तुकडा हरवला की दुसरा निरुपयोगी होतो, आणि एक तुकडा चोरीला गेला तर उरलेले शब्द शोधण्याचं चोराचं काम कमी होतं.

आणि मग रंगीत तालीम कर, कारण बहुतेक लोक इथेच आळस करतात. नव्या वॉलेटमध्ये आधी पाचशे-हजार रुपयांचंच बिटकॉइन पाठव. ते पोचलं की उपकरण मुद्दाम पुसून कोरं कर. मग कागदावरचे शब्द पाहून ते पुन्हा उभं कर. शिल्लक परत दिसली तर तुझा कागद खरा. दिसली नाही, तर चूक हजार रुपयांत कळली. ही तालीम झाल्याशिवाय मोठी रक्कम हलवायची नाही, हा माझा हट्ट समज.

पाठवतानाची शिस्तही याच जातीची. पत्ता कधीही हाताने टाइप करू नकोस आणि जुन्या व्यवहारांच्या यादीतूनही उचलू नकोस. तुझ्या ओळखीच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेल्या पत्त्यावरून चोर चिल्लर रक्कम पाठवून ठेवतात, पुढच्या वेळी तू तोच उचलावास म्हणून. कॉपी केलेला पत्ता मधल्यामधे बदलणारे व्हायरसही आहेत. म्हणून सही करण्याआधी उपकरणाच्या छोट्या पडद्यावर अख्खा पत्ता आणि रक्कम वाच. डॉलरच्या भावाला बांधलेली यूएसडीटीसारखी नाणी वेगवेगळ्या नेटवर्कवर चालतात. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नेटवर्क एकच आहे याची खात्री कर. मोठ्या रकमेआधी छोटी रक्कम पाठव आणि ती पोचल्याचं समोरच्याकडून फोनवर ऐक. ताकही फुंकून पिण्याची ही जागा आहे.

रोजच्या खर्चाला, किराण्याला, रिक्षाला यूपीआय उत्तम आहे, क्रिप्टोची तिथे गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं बंधन रद्द केलं, तरी हे आपल्या देशाचं चलन नाही. करही चढा आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर सेस. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्याचं दुसरं करून घेतलंस तरी ती विक्रीच धरतात, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. घेतलेली तारीख, भाव, रक्कम यांची वही पहिल्या दिवसापासून ठेव. वर्षाअखेर आठवून लिहिलेला हिशेब कधी जुळत नाही.

आणखी एक सांगतो. अनोळखी माणसाला थेट यूएसडीटी विकून बँक खात्यात पैसे घेऊ नकोस. ते पैसे कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे निघाले तर तक्रारीचा माग तुझ्या खात्यापर्यंत येतो आणि खातं गोठवलं जातं. पगाराचं खातं असं अडकलं की घराचा हप्ता आणि आईबापाचं औषधपाणी, सगळंच अडतं.

आता आपल्या गावाकडे बघ. बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून कुर्डुवाडी रेल्वेच्या पगारावर आणि वर्कशॉपवर उभी आहे. निवृत्त माणसाच्या हाती फंड आला, माढ्याच्या शेतकऱ्याला उसाचं बिल मिळालं, की दरमहा ठराविक टक्के देणारा कोणीतरी दारात येतो. पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण असंच होतं. अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा, असं आमिष. सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. त्याआधीच गुंतवणूकदारांना बिटकॉइनऐवजी कंपनीनेच काढलेलं एमकॅप नावाचं नाणं देण्यात आलं होतं, त्याला बाजारात किंमत उरली नाही. आणि त्याच तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. बिटकॉइन स्वतःहून व्याज देत नाही. जो ठराविक व्याजाची हमी देतो, तो नंतरच्या माणसाचे पैसे आधीच्याला देत असतो. नातेवाईक तुला जाणती समजून विचारतील, तेव्हा त्यांना हे स्पष्ट सांग. तुझ्या नावावर विसंबून कोणाचा फंड जाता कामा नये.

एक्स्चेंजचा 'सपोर्ट' म्हणून फोन येईल, टेलिग्रामवर गोड बोलून कोणी वॉलेट 'व्हेरिफाय' करायला सांगेल, ते गुप्त शब्द मागेल. शब्द मागणारा चोरच, याला अपवाद नाही. ते देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. बँकेतून पैसे गेल्याचं लक्षात आलं तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन कर. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवता येते. गेलेली नाणी परत मिळवून देतो म्हणणारा पुढे येईल, त्यालाही एक रुपया देऊ नकोस.

शेवटचा विषय अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. क्वाड्रिगा या कॅनडातल्या एक्स्चेंजचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला. पासवर्ड त्याच्या एकट्याकडेच होते, असं कंपनीने सांगितलं. पुढे चौकशीत निघालं की बराचसा पैसा त्याने आधीच अफरातफरीत घालवला होता. पण सगळं एका माणसाच्या हाती असल्यामुळे त्याच्या हयातीत कोणालाच ते तपासता आलं नव्हतं. तुझ्या बाबतीत लबाडीचा प्रश्न नाही, पण तुला काही झालं तर ताईला हे शोधता येईल का? मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचं म्हटलंय, त्यामुळे ती मृत्युपत्रात लिहिता येईल. पण कायदा वारसाला हक्क देईल, चावी देणार नाही. म्हणून एक साधं पत्र लिहून ठेव: काय आहे, कोणत्या एक्स्चेंजवर, उपकरण कुठे, सीलबंद पाकीट कुठे, आणि उघडताना विश्वासाने कोणाला शेजारी बसवायचं. शब्द त्या पत्रात लिहायचे नाहीत. ताईला एकदा शेजारी बसवून हे सगळं मराठीत समजावून सांग. तिची धास्तीही त्यानेच कमी होईल.

इतकं वाचून जड वाटलं तर त्यात कमीपणा नाही. ही शिस्त पाळण्याइतका वेळ नसेल तर रक्कमच लहान ठेव, जाईल तेव्हा रडू येणार नाही इतकी, आणि बाकीचे पैसे बँकेत आणि पीपीएफमध्ये ठेव. शिस्त जमणार असेल तर या महिन्यात तीनच कामं कर: ऑथेंटिकेटर लाव, रंगीत तालीम कर आणि ताईसाठी ते पत्र लिही. तिन्ही झाल्याचं मला कळव. तालमीत शिल्लक परत दिसली का, ते आधी सांग. तोवर पुढची खरेदी थांबव.

तुझा,
मामा