साथ आणि बाजार : कुलूप कधी उघडावे?

आपल्याकडे एक म्हण आहे, शिर सलामत तर पगडी पचास. दुसरी म्हण आहे, आधी पोटोबा मग विठोबा. दोन्ही खऱ्या आहेत. पण गावात साथीचा रोग शिरला की या दोन म्हणींचे भांडण लागते. जीव सांभाळायचा तर बाजार बंद ठेवावा लागतो. पोट सांभाळायचे तर बाजार उघडावा लागतो. मग करायचे तरी काय? नाशिक जिल्ह्यात काय घडले ते पाहून आपण याचा विचार करू.

2020 साली कोरोनाची साथ आपल्या देशात पसरली. रोग नवा होता. त्यावरची लस तेव्हा निघाली नव्हती. हा रोग एकाच्या श्वासातून दुसऱ्याला होतो. म्हणून 25 मार्च 2020 पासून साऱ्या देशात टाळेबंदी झाली. माणसे घरात राहिली, तर रोगाचा वेग कमी होतो. दवाखान्यांना खाटा, औषधे, प्राणवायू यांची तयारी करायला वेळ मिळतो. बंदचा हा फायदा मोठा आहे.

पण बंदची किंमतही मोठी आहे. मार्च महिना म्हणजे नाशिककडे द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. उन्हाळ कांदा चाळीत चार महिने थांबतो. द्राक्ष वेलीवर थांबत नाही. व्यापारी येईनात, तेव्हा कित्येक बागाइतदारांनी द्राक्षे सुकवून बेदाणे केले. मालेगावचे यंत्रमाग थांबले. ज्यांचे हातावर पोट, त्यांच्या घरची चूल थंड पडली. मुंबईकडून निघालेले मजूर कसाऱ्याचा घाट चढून पायी आले. शेवटी 1 मे 2020 रोजी नाशिकरोड स्टेशनातून मजुरांसाठी भोपाळला खास रेल्वेगाडी सोडावी लागली.

“रोगानं मरायचं का उपासानं?” असे लोक तेव्हा विचारत. प्रश्न खरा होता. पण एका पारड्यात जीव आणि दुसऱ्या पारड्यात पैसा, असा हा सरळ तराजू नाही. नीट पाहा.

बंदनेही जीव जातो. मालेगावात साथीच्या सुरुवातीला बरेच खाजगी दवाखाने बंद राहिले. मधुमेहाचा रोगी, हृदयाचा रोगी, अडलेली बाळंतीण, यांनी जायचे कुठे? त्यांचे फार हाल झाले.

आणि घाईने उघडल्यानेही पैसा जातो. घरचा कर्ता माणूस आजारी पडला की मजुरी बुडते. दवाखान्याच्या खर्चापायी दागिने मोडतात, शेत गहाण पडते. बाजार उघडा असला, तरी भीतीने गिऱ्हाईक येत नाही. म्हणजे दोन्ही पारड्यांत जीवही आहे आणि पैसाही आहे. म्हणून “सगळे बंद” किंवा “सगळे खुले” एवढेच दोन रस्ते धरून चालत नाही. किती उघडायचे, आधी काय उघडायचे, हे मापाने ठरवावे लागते.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. दाटीची वस्ती मोकळी व्हायची, पण शेतीची कामे चालू राहायची.

माप कसे घ्यायचे? जून 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यासाठी पाच पायऱ्या ठरवल्या. दर आठवड्याला दोन आकडे पाहायचे. पहिला आकडा : 100 तपासण्या केल्या, तर त्यांत रोगी किती निघाले? दुसरा आकडा : दवाखान्यांत प्राणवायूच्या 100 खाटा असतील, तर त्यांतल्या भरल्या किती? 100 मध्ये 5 हून कमी रोगी आणि 25 हून कमी खाटा भरलेल्या, तर जवळजवळ सर्व व्यवहार खुले. 100 मध्ये 20 हून जास्त रोगी, किंवा 75 हून जास्त खाटा भरलेल्या, तर कडक बंधने. मधल्या पायऱ्यांवर थोडे खुले, थोडे बंद.

खाटा का मोजायच्या? कारण रोग्याला वेळेवर प्राणवायू मिळाला तर तो वाचू शकतो. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. पुरवठा तुटला आणि 20 हून अधिक रोगी दगावले. प्राणवायूचे मोल नाशिकने असे पाहिले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोगाची लागण झाली तरी त्याची लक्षणे 2 ते 14 दिवसांनी दिसतात. आज बाजार उघडला, तर त्याचा परिणाम उद्या कळत नाही. पेरल्यावर उगवायला दिवस लागतात, तसेच हे आहे. म्हणून एक दार उघडावे, दोन आठवडे थांबावे, आकडे पाहावे, मग दुसरे दार उघडावे. आकडे वाढले तर दार पुन्हा लावायची तयारी ठेवावी. मोकळ्या हवेतली कामे आधी आणि कोंदट जागेतली गर्दी शेवटी, हा क्रम बरा.

नाशिक शहरात मार्च 2021 च्या शेवटी मधला रस्ता करून पाहिला गेला. बाजार बंद केला नाही. पण आत जाणाऱ्याने 5 रुपयांची पावती घ्यायची आणि तासाभरात खरेदी उरकायची. जास्त थांबला तर 500 रुपये दंड. उद्देश गर्दी कमी करण्याचा होता. पण दुसरी लाट फार जोराची होती. 14 एप्रिलपासून राज्यभर कडक बंधने आलीच. यातून काय कळते? मधला रस्ता वेळेवर धरावा लागतो. पाणी गळ्याशी आल्यावर तो पुरा पडत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. बंद सर्वांच्या भल्यासाठी असतो, पण त्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. पगारदार घरी बसून पगार घेतो. हमाल घरी बसला की उपाशी राहतो. टाळेबंदीत रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळाले. शिवभोजन थाळी 10 रुपयांची 5 रुपयांना झाली. ही मेहेरबानी नव्हती. ज्याचे काम आपण सर्वांसाठी थांबवतो, त्याची चूल पेटती ठेवणे हे सर्वांचे देणे आहे. चूल पेटती असेल, तर तो माणूस घरी थांबू शकतो. नाहीतर तो चोरून कामाला जाणारच.

पुढे लस आली. 16 जानेवारी 2021 पासून ती टोचायला सुरुवात झाली. एप्रिल 2022 च्या आरंभी राज्यातली बंधने उठली. पण साथी पुन्हा येऊ शकतात. त्या वेळी ग्रामसभेत बसून गावाने शांतपणे बोलावे. आकडे मागावे. आपल्याला आता वाचता येते, आकडे कळतात. त्याचा उपयोग अशा वेळी करावा.

विचार करा आणि बोला :
1. तुमच्या गावचा आठवडी बाजार गर्दी न करता कसा भरवता येईल?
2. बाजार पंधरा दिवस बंद ठेवावा लागला, तर गावातली कोणती घरे आधी उपाशी पडतील? त्यांची यादी करा.
3. त्या घरांसाठी गाव काय करू शकेल?