शालीआधी सातबारा

चि. मृण्मयी हिस,



७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिनी, सज्जातल्या माजी सैनिकांना शाल-श्रीफळ द्यायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. ध्वजनिधीचं उद्दिष्ट वरून येतं आणि ते भरलं की दिवस साजरा झाला, असं मानणारे पुष्कळ. त्यांच्यापेक्षा तू पुढे आहेस. सत्कार जरूर कर. पण तू आता तलाठी झालीस (कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी, पण गाव तलाठीच म्हणणार), आणि या खुर्चीतून फौजीचं जे देणं फिटतं ते शालीनं फिटत नाही. तुझ्याच सातारा जिल्ह्यात अपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. गावात त्यांची स्मृतिशिला आहे आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' कायमचं चिकटलं आहे. गेलेल्यांच्या बाबतीत आपण चुकत नाही, कारण ते काही मागायला येत नाहीत. चाळिशीच्या आत पेन्शनीवर आलेला माणूस मात्र पिशवीत कागद घेऊन दारात उभा राहतो, आणि आपल्या कृतज्ञतेची परीक्षा तिथे होते.

त्याचं देणं वेगळं का, ते नीट समजून घे. जिवाची जोखीम हे त्याचं एक कारण, पण त्याबद्दल सगळेच बोलतात. दुसऱ्या कारणाकडे फारसं कुणी बघत नाही. घटनेच्या ३३व्या कलमानं सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यामुळे जवानाला संघटना काढता येत नाही, मोर्चा नेता येत नाही, वर्तमानपत्राकडे गाऱ्हाणं मांडता येत नाही, मनात आलं म्हणून राजीनामा टाकून घरीही येता येत नाही. शिवाय तो गावात नसतो. बांध सरकतो तो तेव्हाच. वारस नोंदीत एखादा हिस्सा गळतो तोही तेव्हाच. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि ज्याची हरकत असायला हवी तो लडाखमध्ये पहाऱ्यावर असतो. घरी म्हातारी आई सही करते, नोटीस दिवाळीच्या फराळाच्या डब्यामागे जाते, आणि पुढच्या सुट्टीत आलेल्या फौजीला कळतं की नोंद केव्हाच मंजूर झाली. इंग्रज सरकारलाही ही अडचण कळत होती. लढाईवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा त्याच्या पाठीमागे निकाली निघू नये, म्हणून १९२५ साली त्यांनी कायदा केला. पण तो कोर्टापुरता. चावडीत सैनिकाच्या बाजूनं उभं राहायला तलाठ्यावाचून कुणी नसतं. खातेदार फौजेत आहे हे दिसलं की नोटीस घरी लावून थांबू नकोस, त्याचा मोबाइल नंबर मागून घे आणि स्वतः फोन कर. कायदा तुला एवढं करायला सांगत नाही, म्हणून तर ती कृतज्ञता.

तुझे सहकारी म्हणतील, त्यांना पगार मिळाला, पेन्शन मिळते, कँटीन आहे, दवाखाना आहे, आणखी काय हवं? नोकरी होती, केली. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नकोस. जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते, आणि सैन्य तरुण राहावं म्हणून त्याला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतात. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं, आणि तुझ्या-माझ्यासारख्यांची कारकीर्द तेव्हा कुठे रंगात आलेली असते. देशाच्या सोयीसाठी ज्याची नोकरी अर्ध्यात थांबवली, त्याची पेन्शन हा करारातलाच भाग आहे. तोही सुखासुखी पदरात पडत नाही. 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' यासाठी २०१५ मध्ये माजी सैनिक जंतरमंतरवर महिनोन्महिने बसले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात आदेश निघाला. त्या साऱ्या काळात १५ ऑगस्टच्या भाषणांत सैनिकांचं कौतुक काही कमी झालं नव्हतं.

गटार साफ करणाऱ्याचं काय, असंही कुणी विचारेल, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून फौजीला रांगेत पुढे घे, असं मी सांगत नाही. त्याच्या गैरहजेरीनं त्याचं नुकसान होऊ नये, एवढंच सांगते. आणि सैनिकाचा मान राखला म्हणजे प्रत्येक युद्धाला मान डोलवावी लागते, असंही नाही. अपशिंग्याचे ते ४६ जण ज्या युद्धात पडले ते त्यांच्या गावानं ठरवलं नव्हतं, देशानंही नव्हतं. त्या युद्धाबद्दल तुला हवं ते मत ठेव. शिळेपुढे चप्पल काढायला ते आड येत नाही.

आता एक अगदी बारीक गोष्ट, पण मला वाटतं सत्काराइतकीच मोठी. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. फौजीनं भरतीनंतर पलटणीत बायकोचं नाव 'सुमन' लिहिलेलं असतं, आधार कार्डावर माहेरचं 'हौसाबाई' असतं, बँकेत तिसरंच काहीतरी. नवरा आहे तोवर कुणाचं अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या बाईला आपण एकच आहोत हे सिद्ध करत हिंडावं लागतं, तेही सुतकात. जन्मतारखेचंही असंच. माणूस हयात असताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून हे दुरुस्त करता येतं, पण त्याला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. तेव्हा सत्काराच्या निमंत्रणातच लिही, येताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि दोघांची आधार कार्डं घेऊन यावीत, आणि सौभाग्यवतींनाही आणावं. नारळ देण्याआधी तासभर प्रत्येकाचे कागद शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून बघ. सैनिक कल्याण कार्यालयातला एखादा कर्मचारी त्या दिवशी गावात येईल का, ते मात्र आजच विचारून घे; डिसेंबरात त्यांना सगळीकडून बोलावणी असतात.

तुझी,
आत्या