‘ज्याचे त्याचे भोग’

जीव कोण, कर्म म्हणजे काय आणि पुन्हा जन्म येतो तो कोणाला, हे तीन प्रश्न परमार्थाच्या वाटेला लागलेल्या माणसाला पडल्यावाचून राहत नाहीत. यांवर ग्रंथांचे डोंगर उभे आहेत. परंतु आमच्या सांगली-विश्रामबागेकडे हे प्रश्न पोथीतून कमी उठतात. कोणी गेले म्हणजे उठतात. सन २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे बुडाली. त्यांत बायाबापड्या होत्या, लेकरे होती. पुढे कितीतरी दिवस कीर्तन आटोपल्यावर मंडळी आम्हांला म्हणत, “ज्याचे त्याचे भोग, महाराज! दुसरे काय?” हे वाक्य कानाला शास्त्रासारखे लागते. पण ते शास्त्र आहे काय? त्याचाच येथे विचार करू.

प्रथम आपले घर पाहू. वेदान्ताच्या मते आत्मा जन्मतही नाही आणि मरतही नाही. मग येरझार घालतो तो कोण? तर सूक्ष्म देह. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा सतरा तत्त्वांचे हे गाठोडे वासनेच्या दोरीने बांधलेले असते आणि एका देहातून दुसऱ्या देहात जाते. कर्म तीन प्रकारचे : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. दृष्टांत घरचाच घेऊ. हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. पेवात पुरून ठेवलेली हळद ते संचित. पेव उघडून सौद्याला मांडली ते प्रारब्ध. तिचा जो भाव येईल तो घेतलाच पाहिजे, ती परत पेवात जात नाही. आणि यंदा शेतात लावतो आहोत ते क्रियमाण. ज्ञानाने संचित जळते, प्रारब्ध भोगून सरते. हाती उरते ते एक क्रियमाण.

आता या कर्माचे फळ देतो कोण? जैमिनींचे मीमांसक म्हणतात, कर्मापासून ‘अपूर्व’ नावाची शक्ती उपजते, तीच फळ देते. बादरायण म्हणतात, जड कर्माला एवढे कळणार कसे? फळ देणारा ईश्वरच. मग लगेच शंका येते, की एकाला सुख आणि एकाला दुःख देणारा देव पक्षपाती व निर्दय ठरला! वैषम्य आणि नैर्घृण्य असे हे दोन दोष. त्यांचे निरसन ब्रह्मसूत्रात असे केले आहे, की देव मन मानेल तसे देत नाही, जीवाच्या कर्माकडे पाहून देतो. वाचकहो, येथे नीट लक्ष द्या. हा सिद्धांत आला तो देवावरचा आळ उतरवायला. दुःखी माणसाच्या डोक्यावर तो आळ ठेवायला आला नाही. आपण मात्र सोयीने तेवढाच उपयोग करीत बसलो.

आता शेजारी जाऊ. सांगली-कोल्हापूर भागात जैन बांधव पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आले आहेत. त्यांच्या मते जीव अनंत. आणि कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे द्रव्यच आहे. तेल लागलेल्या अंगाला धूळ चिकटावी, तसे क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे ते जीवाला चिकटते. ज्ञानावरणीय, वेदनीय, मोहनीय इत्यादी त्याचे आठ भेद. निवाडा करायला तेथे देव नाही. मग तेथे तरी ‘ज्याचे त्याचे भोग’ चालेल? नाही! उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र सांगते, की दुःख व शोक उत्पन्न केल्याने असातावेदनीय कर्म बांधले जाते आणि प्राणिमात्रांविषयी अनुकंपा धरल्याने सातावेदनीय. म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून मन कठोर केले, तर धूळ बसते ती पाहणाराच्या अंगावर.

लिंगायत बांधवांकडे तर निराळीच वाट. अंगावर इष्टलिंग धारण करणारा शरण देह ठेवतो, तेव्हा तो लिंगैक्य झाला म्हणतात. त्याला पुनर्जन्म नाही. म्हणून मृत्यूचे सूतकही ते मानीत नाहीत. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी भर दिला तो कायकावर, म्हणजे हातून होणाऱ्या प्रामाणिक श्रमावर. पूर्वजन्मीचा शोध मागे पडला, आजचे काम पुढे आले.

बौद्ध मत आणखी वेगळे. तेथे नित्य आत्माच नाही. मग जन्मतो कोण? घाटावर उभे राहून पाहा. कालचे पाणी गेले, आजचे निराळे, तरी नदी ‘कृष्णा’च. तद्वत् जीवन हा एक प्रवाह आहे. चेतना, म्हणजे मनाचा संकल्प, हेच तेथे कर्म. आणि ऐका, सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले असता बुद्धांनी दुःखाची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, तिन्हींचा मिलाफ, ऋतूचा पालट, गैरसावध वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कर्माचा विपाक. आठांत कर्म एक! सारेच पूर्वकर्माने घडते, हे म्हणणे त्यांनी अमान्य केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात आत्मा आणि गतजन्मीचे कर्म या दोन्ही कल्पना नाकारल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘तुमचेच पूर्वकर्म’ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्या बाजूने हा प्रश्न पाहिला पाहिजे. आम्हां वारकऱ्यांनी तर अवश्य पाहिला पाहिजे.

कारण चोखोबा आमचेच. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसवाचे काम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी काय केले? हे कोणत्या जन्मीचे पाप, असे विचारीत ते पंढरीत बसून राहिले नाहीत. ते मंगळवेढ्याला गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी परंपरा सांगते. त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी दिली. त्याच मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ‘ज्याचे त्याचे भोग’ म्हणत गप्प राहिले असते, तर ते दार उघडले असते काय?

कोणी म्हणेल, “मग कर्मसिद्धांत खोटाच म्हणा की!” अहो, तसे नव्हे. औषध खरे आहे, ते कोणी घ्यायचे एवढेच पाहायचे. आपल्यावर संकट आले तर प्रारब्ध म्हणून धीर धरावा, ते शोभते. दुसऱ्यावर आले तर त्याचे प्रारब्ध वाचायला आपल्याजवळ डोळा नाही. कर्माची गती गहन, हे भगवंतांनी गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगून ठेवले आहे. त्याचे भोग त्याच्यापाशी. पण तो बुडत असताना काठावर उभे राहून आपण काय करतो, ते आपले क्रियमाण. पुढच्या पावसाळ्यात पाणी किती चढेल, नावेत माणसे किती बसवावीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी कोणी हलवावे, हा हिशेबही क्रियमाणच. तो न करता भोगाकडे बोट दाखवणे म्हणजे बुद्धांच्या यादीतली गैरसावध वागणूक कर्माच्या खात्यावर मांडणे होय.

शेवटी पुनर्जन्माची गोष्ट. सारी दर्शने जन्माच्या फेऱ्यातून सुटायची वाट सांगतात. आमचे तुकोबाराय मात्र मुक्ती नको म्हणतात. संतसंग आणि नाम मिळणार असेल तर पुन्हा गर्भवासाला यायची त्यांची तयारी आहे. जन्म ही ज्यांना शिक्षा वाटली नाही, त्यांचे आपण अनुयायी. तेव्हा कोणाच्या दारी दुःख आले, तर तेथे जावे, जवळ बसावे, लागेल ते करावे आणि नाम घ्यावे. निवाडा विठोबाकडे सोपवावा.

रामकृष्णहरी.