अपेक्षेचे वजन : इंग्रजीतील ‘मस्ट’, ‘शुड’, ‘शॅल’ आणि ‘मे’

मराठीत एखाद्याकडून असलेली अपेक्षा क्रियापदाच्या रूपातून प्रकट होते. ‘करावे’, ‘केले पाहिजे’, ‘करील’, ‘करू नये’ ही रूपे ऐकताच सांगणाऱ्याचा हेतू समजतो. इंग्रजीत मात्र मुख्य क्रियापद न बदलता त्याच्या अगोदर येणारा एक छोटा शब्द हे कार्य करतो. मस्ट, शॅल, शुड, ऑट टू, विल, वुड, मे, माइट, कॅन, कुड ही ती सहायक क्रियापदे होत. शाळेत त्यांचे अर्थ बहुधा एकेका शब्दात पाठ करविले जातात. परंतु तेवढ्याने भागत नाही. इंग्रजी आदेश वाचणारा अधिकारी, ती भाषा शिकविणारा शिक्षक आणि ज्याला त्या आदेशाची अंमलबजावणी करावयाची आहे तो पंचायत सदस्य, या तिघांनाही त्या छोट्या शब्दाचे नेमके वजन कळणे अगत्याचे आहे.

कर्तव्य आणि अनुमान

अपेक्षा दोन प्रकारची असते. अमुक एकाने अमुक करावे, ही कर्तव्याची अपेक्षा. अमुक गोष्ट घडेल असे वाटते, ही अनुमानाची अपेक्षा. इंग्रजी भाषक या दोहोंसाठी तीच क्रियापदे वापरतात. ‘यू शुड राइट टु हिम’ या वाक्यात सल्ला आहे. ‘द बस शुड बी हिअर बाय फाइव्ह’ या वाक्यात मात्र बसवर कोणतेही कर्तव्य लादलेले नाही. नेहमीचा क्रम पाहता ती पाचपर्यंत यावयास हवी, एवढेच बोलणारा सांगतो. आली नाही तर त्याला नवल वाटेल, पण त्याचे विधान खोटे ठरणार नाही.

‘मस्ट’ने केलेले अनुमान याहून पक्के असते. खिडकीत दिवा दिसला की ‘दे मस्ट बी अॅट होम’ असे म्हटले जाते. डोळ्यांपुढील पुराव्यावरून दुसरा निष्कर्षच निघत नाही, हा त्याचा भाव. दारावर रोजच्या वेळी थाप पडली की ‘दॅट विल बी द पोस्टमन’ असे म्हणतात. येथे ‘विल’ भविष्यकाळ दाखवीत नाही, तर वर्तमानाविषयीची खात्री दाखविते. आणखी एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. अनुमानाचे ‘शुड’ सामान्यतः इष्ट किंवा योजनेप्रमाणे घडणाऱ्या गोष्टींसाठी वापरले जाते. उद्या हवा चांगली असेल हे ‘शुड’ने सांगता येते, अपघात होईल हे मात्र इंग्रजी भाषक सहसा ‘शुड’ने सांगत नाहीत.

अपेक्षाभंग सांगण्याचीही ठरलेली रीत आहे. ‘शुड हॅव’पुढे भूतकालवाचक कृदन्त आले की, गोष्ट व्हावयास हवी होती पण झाली नाही, असा अर्थ निष्पन्न होतो. अहवालात ‘द रजिस्टर शुड हॅव बीन साइन्ड’ असे वाक्य आले, तर ती केवळ नोंद नसून ठपका आहे, हे वाचणाऱ्याने ओळखले पाहिजे.

नकाराचा चकवा

सर्वाधिक घोटाळा नकारार्थी वाक्यांत होतो. होकारार्थी वाक्यात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ यांचे अर्थ पुष्कळ जवळचे आहेत. नकारात मात्र ते दोन टोकांना जातात. ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे पैसे भरू नयेत, भरण्यास मनाई आहे. ‘यू डू नॉट हॅव टू पे’ किंवा ‘यू नीड नॉट पे’ म्हणजे पैसे भरण्याची गरज नाही. भरले तरी आक्षेप नाही. मराठीत ‘नये’ आणि ‘गरज नाही’ यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. अनुमानाच्या ‘मस्ट’चा नकार तर ‘कान्ट’ने होतो : ‘दे कान्ट बी अॅट होम’, म्हणजे ते घरी असणे शक्य नाही.

सौजन्य हाही अर्थाचा एक भाग होय. आग्रहाच्या निमंत्रणात ‘यू मस्ट कम’ म्हटले तर ती सक्ती नसते, आपुलकी असते. उलट, वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रात ‘आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड’ अशी नम्र सुरुवात असली, तरी पुढील मजकूर व्यवहारात सूचनेसारखाच मानला जातो. शब्दाचे वजन बोलणारा कोण व ऐकणारा कोण यावरही ठरते.

वाहतुकीचे नियम आणि न्यायालये

ब्रिटनमधील ‘हायवे कोड’ या १९३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या वाहतूक-पुस्तिकेत या भेदाचा प्रत्यक्ष उपयोग केलेला आढळतो. तिच्या चालू आवृत्तीत ज्या नियमामागे कायद्याचे बंधन आहे तेथे ‘मस्ट’ किंवा ‘मस्ट नॉट’ हे शब्द ठळक मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. असा नियम मोडणे हा गुन्हा होय. जेथे ‘शुड’ आहे तेथे तो सल्ला असतो. तो न पाळणे एवढ्याने गुन्हा होत नाही. परंतु अपघाताचे दायित्व ठरविताना न्यायालयापुढे त्याचा आधार घेता येतो. म्हणजे ‘शुड’ हा दुर्बळ शब्द असला तरी निरर्थक नाही.

कायद्याच्या भाषेतील जुना शब्द ‘शॅल’. तो कधी कर्तव्य, कधी भविष्यकाळ, तर कधी केवळ घोषणा सुचवितो, म्हणून अनेक इंग्रजी भाषक देशांत त्याऐवजी ‘मस्ट’ वापरण्याकडे कल वाढला. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा २००७ साली सोपी करण्यात आली, तेव्हा ‘शॅल’ काढून प्रसंगानुसार ‘मस्ट’, ‘मे’ किंवा ‘शुड’ घालण्यात आले. महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल खरा वाद उरला नसेल तर दावा पूर्ण सुनावणीविना निकाली काढण्याविषयीच्या ५६व्या नियमात ‘शुड’ आले. पण त्यामुळे न्यायालयावरील बंधन सैल झाले की काय, अशी शंका निघाली, आणि २०१० च्या दुरुस्तीने तेथे ‘शॅल’ पुन्हा बसविण्यात आले.

भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठातही हा भेद अर्थपूर्ण आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अंमलात आलेल्या भागात पंचायतींची स्थापना आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक यांसाठी ‘शॅल’ योजिला आहे. पंचायतींना अधिकार प्रदान करण्याबाबतच्या २४३-जी या अनुच्छेदात राज्य विधानमंडळासाठी ‘मे’ आहे. पंचायत असणे बंधनकारक. तिला कोणते अधिकार मिळावेत, हे मात्र विधानमंडळाने कायद्याने ठरवावयाचे. एवढा मोठा फरक एका शब्दाने पडतो.

तथापि शब्द हाच एकमेव निकष नव्हे. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्याविषयीच्या तरतुदीत ‘शॅल’ असूनही ती निदेशात्मक ठरविली. असा विचारविनिमय झाला नाही एवढ्याने शासनाची कारवाई रद्द होत नाही, असे सांगितले. शब्दाबरोबर तरतुदीचा हेतू आणि तिच्या उल्लंघनाचे परिणामही पाहावे लागतात.

भाषांतर करताना

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना मस्ट, शॅल, शुड या सर्वांसाठी एकच ‘करावे’ वापरण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यामुळे मूळ सल्ला आज्ञा वाटू लागतो, आणि आज्ञा सल्ला समजून बाजूस ठेवली जाते. बंधन असेल तेथे ‘केलेच पाहिजे’ किंवा कायद्याच्या शैलीतील ‘करील’, शिफारस असेल तेथे ‘करणे इष्ट’, मुभा असेल तेथे ‘करता येईल’, मनाई असेल तेथे ‘करू नये’ आणि सूट असेल तेथे ‘करण्याची आवश्यकता नाही’, अशी योजना केल्यास संदिग्धता पुष्कळ कमी होते. शिक्षकांनीही ही क्रियापदे सुट्या अर्थांनी न शिकविता सूचनाफलक, निमंत्रण आणि नियम यांतील वाक्यांच्या आधारे शिकवावीत. ग्रामसभेत एखादे परिपत्रक वाचून दाखविले जाते, तेव्हा ‘हे करणे भाग आहे की करता येण्यासारखे आहे?’ हा प्रश्न सदस्याने अवश्य विचारावा. त्याचे उत्तर पुष्कळदा त्या एका छोट्या शब्दातच दडलेले असते.