ही सायकल तुमचीच कशावरून?

सायकलला जागा कळवणारा टॅग लावला की ती चोरीला जाणार नाही, अशी समजूत अलीकडे बरीच पसरली आहे. माझ्या सायकलला टॅग होता, सीटखाली घट्ट बसवलेला, नवी बॅटरी घातलेला. तरीही सायकल गेली, आणि परत मिळाली तेव्हा टॅग तिच्यावर नव्हता. ती माझ्या हाती पुन्हा आली ती एका बिलामुळे. त्या बिलाच्या पाठीमागे दुकानदाराने स्वतःच्या हाताने फ्रेम नंबर लिहून वर शिक्का मारला होता. रोज सायकलवर कामाला जाणाऱ्यांनी आणि मुलांना सायकलवर क्लासला पाठवणाऱ्यांनी हे जाणून घ्यावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सायकल गेली ती पुण्यात, कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतून, भर दुपारी. कुलूप चांगलं जाड होतं आणि ते कुणी तोडलंही नाही. तुटला होता तो रेलिंगचा गज, खाली जिथे वेल्डिंग गंजलं होतं तिथून. चोराने गज वाकवला आणि सायकल कुलपासकट उचलून नेली. फोनवर पाहिलं तर टॅग नदीपलीकडच्या एका दाट वस्तीत दिसत होता. तिथे एकटीने जायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं आणि पोलीस चौकी गाठली.

चौकीत पहिला प्रश्न आला, "हरवली लिहायचं की चोरीला गेली?" हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. गहाळ झाल्याची नोंद म्हणजे नुसती नोंद. तिच्यावर तपास होत नाही. तुटलेल्या गजाचा फोटो दाखवून मी चोरीचीच फिर्याद द्यायची म्हटलं. मग हवालदारांनी विचारलं, "ताई, ही सायकल तुमचीच कशावरून?" फोनवरचा नकाशा मी पुढे केला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "हा टॅग तुमचा आहे, हे कळलं. सायकलचं सांगा." त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. टॅग कुणीही कुणाच्याही सायकलला अडकवू शकतो.

बिलाचा फोटो फोनमध्ये होता. ही शिस्त आमच्या घरात वडिलांमुळे आली. त्यांच्या तरुणपणी सायकलला नगरपालिकेचा परवाना लागायचा आणि हँडलखाली बिल्ला लावावा लागायचा. ते बिल्ल्याचा नंबर आणि फ्रेमचा नंबर दोन्ही डायरीत लिहून ठेवत. बिल्ले गेले, पण त्यांच्या जागी दुसरी काहीच व्यवस्था आली नाही. जपानमध्ये सायकल घेतानाच तिची पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे सायकलला नंबरप्लेट नाही, आरसी बुक नाही. फ्रेमवर ठोकलेला तो नंबर हीच तिची एकमेव ओळख, आणि बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

तो कसा पाहायचा ते सांगते. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. पायडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या तळाशी बहुतेक सायकलींचा नंबर असतो. तिथे चिखल आणि ग्रीस साचलेलं असतं, ते रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या. आकडे रंगाखाली बुजले असतील तर वरून खडू घासून फडक्याने हलकेच पुसा. खोलगट भागात खडू राहतो आणि आकडे पांढरे उठून येतात. टॉर्च समोरून न धरता कडेने धरा. काही सायकलींवर हा नंबर सीटच्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर असतो. नंबरचा फोटो, पूर्ण सायकलचा उजव्या बाजूने एक फोटो, तुम्ही स्वतः सायकलसोबत आहात असा एक आणि एखादी खास खूण, म्हणजे ओरखडा किंवा बदललेली मूठ, तिचा जवळून एक फोटो, एवढं आजच काढून ठेवा. बिलावर फ्रेम नंबर छापलेला नसला तर दुकानात परत जाऊन लिहून, शिक्का मारून घ्या. दुकानदार नाही म्हणत नाहीत.

बिलाचं महत्त्व कायद्यानेही वाढवलं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीचं कलम ३७९ वरून ३०३ झालं. चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर हा गुन्हा आता अदखलपात्र धरला जातो. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. गिअरच्या महागड्या सायकलीला याने फरक पडत नाही. पण वॉचमनची सायकल, पेपर टाकणाऱ्या मुलाची सायकल, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंची सायकल या रेषेच्या खाली जाते. त्यांची रोजची कमाई त्या सायकलवर चालते, आणि नेमकी तीच गेली तर एक एन. सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, करून परत यावं लागतं. मला हे अन्यायाचं वाटतं. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर किंमत सिद्ध करणारा कागद हाताशी असणं याला पर्याय नाही.

आता टॅगविषयी, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. आयफोनशी जोडला जाणारा एअरटॅग २०२१ मध्ये आला, टॅग शोधणाऱ्या फोनांचं गूगलचं जाळं २०२४ मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतर स्वस्त टॅग बाजारात भरपूर आले. या छोट्या टॅगमध्ये जीपीएस नसतो. तो ब्लूटूथवर बारीक संकेत सोडत राहतो. जवळून जाणाऱ्या एखाद्या फोनला तो ऐकू येतो आणि तो फोन स्वतःची जागा कळवतो. म्हणून नकाशावर दिसते ती जागा ऐकणाऱ्या फोनची, आणि तीही तो फोन तिथून गेला त्या वेळची. सायकल गेली त्या संध्याकाळी पोलिसांसोबत आम्ही गेलो तेव्हा नकाशावरच्या वर्तुळात अर्धी गल्ली आणि तीन इमारती येत होत्या. पार्किंग पाहिलं, एका गच्चीवर जाऊन पाहिलं. कोणत्या मजल्यावर, कोणत्या दाराआड हे टॅग सांगत नाही, आणि तेवढ्यावर कुणाचं घर उघडायला लावणं योग्यही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅग एका नाल्याच्या कडेला स्थिर दिसू लागला. तो काढून फेकला होता.

चोराला तो सापडला कसा? मालकापासून दूर गेलेला एअरटॅग ८ ते २४ तासांनंतर हलवला की वाजू लागतो. अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर फोनवर सूचनाही येते, पूर्वी फक्त आयफोनवर यायची, आता अँड्रॉइडवरही येते. बायकांच्या पर्समध्ये, गाडीत टॅग टाकून त्यांचा पाठलाग करण्याचे प्रकार होऊ नयेत म्हणून ही सोय आहे. ती मला हवीच आहे. माझी सायकल सापडणं सोपं व्हावं म्हणून एखाद्या मुलीचा पाठलाग सोपा व्हावा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण मग एवढं पक्कं लक्षात ठेवायला हवं की टॅगचा खरा उपयोग पहिल्या काही तासांतच असतो. चोरी लक्षात आली की नकाशाचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढत राहा, कारण पुढे तेच पुरावा म्हणून उरतात.

टॅग सीटखाली बसवू नका. चोर हात घालतो तो पहिला तिथेच. पाण्याच्या बाटलीच्या स्टँडखाली, मागच्या रिफ्लेक्टरच्या आत किंवा घंटीच्या पोकळीत तो बरा लपतो. धातूच्या नळीत आत खोल सारला तर संकेत अडतो. सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी साधारण वर्षभर टिकते. गूगलच्या जाळ्यात बहुतेक फोन मूळ सेटिंगप्रमाणे फक्त गर्दीच्या जागीच मदत करतात, त्यामुळे निवांत कॉलनीत किंवा गावाबाहेर टॅग दिसेनासा होतो. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर या कुणावर अवलंबून नसतो, पण त्याला चार्जिंग लागतं आणि दर महिन्याचा किंवा वर्षाचा रिचार्जही. महागडी सायकल असेल तर तो खर्च मला रास्त वाटतो. साध्या सायकलीसाठी तेच पैसे चांगल्या कुलपात घालावेत.

टॅगने मला एक मोलाची गोष्ट मात्र दिली. सायकल कोणत्या भागात गेली ते कळलं. मी त्या परिसरातल्या सायकल दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात आणि फुटपाथवर पंक्चर काढणाऱ्यांकडे फोटो, फ्रेम नंबर आणि माझा फोन नंबर देऊन आले. चोरीची सायकल घरात किंवा गच्चीवर लपवता येते, पण चालवायची म्हटलं की कधीतरी तिची ट्यूब फाटते, ब्रेक ढिला होतो. काही आठवड्यांनी एका कारागिराचा फोन आला. "ताई, नंबर जुळतोय. मुलाला बसवून ठेवलंय, चहा दिलाय. पोलिसांना घेऊनच या." माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा तपास त्या माणसाने केला.

तो मुलगा चोर नव्हता. बाहेरगावहून शिकायला आलेला, कुणाकडून तरी रोख पैसे देऊन निम्म्याहून कमी किमतीत त्याने सायकल घेतली होती. त्याचे पैसे बुडाले, वर चौकीत जबाब द्यावा लागला. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तशी शंका येण्याजोगं कारण असून तो घेतला तर तो वेगळा गुन्हा होतो. याला काहीच माहीत नव्हतं हे पोलिसांना पटलं, पण त्याचा चेहरा पाहून मला माझी सायकल मिळाल्याचा आनंद नीट घेता आला नाही. जुनी सायकल घेणाऱ्यांना म्हणून कळकळीने सांगते, की मूळ बिल मागा, फ्रेम उलटी करून नंबर पाहा आणि तो घासलेला किंवा रंगाने लिंपलेला असेल तर तिथूनच परत फिरा. पैसे ऑनलाइन द्या, विकणाऱ्याचं ओळखपत्र पाहा आणि साध्या कागदावर का होईना, विकल्याची सही घ्या.

सापडलेली सायकल लगेच घरी आणता येत नाही. ती मुद्देमाल असते. पंचनामा होतो, आणि मग न्यायालयात अर्ज देऊन ती ताब्यात मिळते. अर्ज स्वतःही देता येतो. खटला संपेपर्यंत सायकल विकणार नाही, तिच्यात बदल करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. तिथेही बिल आणि फ्रेम नंबर लागतोच.

कुलपाबद्दल मला जे उमगलं ते थोडक्यात सांगते. केबलचं कुलूप म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात वळलेल्या बारीक तारा; कटरपुढे त्या काही सेकंद टिकतात. नंबरवाल्या स्वस्त कुलपांचंही तेच. पोलादी यू-लॉक किंवा जाड साखळी घ्या. गोल किल्लीची जुनी कुलपं टाळा. २००४ मध्ये अमेरिकेत एका नामांकित बनावटीचं असं कुलूप साध्या बॉलपेनाने उघडतं हे उघड झालं आणि कंपनीला ती कुलपं बदलून द्यावी लागली. शेल्डन ब्राउन नावाच्या अमेरिकन सायकल मेकॅनिकने छोटं यू-लॉक वापरण्याची एक युक्ती सांगितली आहे. सीटखालच्या नळ्यांचा मागे जो त्रिकोण होतो, त्याच्या आत चाकाची रिम येते तिथे ते कुलूप रिम आणि खांबाभोवती लावायचं. चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, त्यामुळे फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एका कुलपात अडकतात. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, कारण कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून चोराला अंगाचा भार टाकता येतो. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे नुसत्या हाताने खोलता येणारं, असेल तर तिथे अ‍ॅलन बोल्ट बसवून घ्या.

आणि कशाला बांधता ते हलवून पाहा. बॅरिकेड उचलता येतं. बुटक्या खांबावरून सायकल वर काढता येते. रेलिंगचं वेल्डिंग पावसाळ्यानंतर खास तपासा. सोसायट्यांमध्ये लोक सायकल पाइप गॅसच्या पिवळ्या नळीला साखळीने बांधतात, तेही जोडापाशी. ते ताबडतोब थांबवलं पाहिजे. कुणी हिसका दिला तर सायकलपेक्षा फार मोठं काही जाईल.

सोसायटीत चोरी झाली तर त्याच दिवशी सीसीटीव्हीची क्लिप काढून घ्या. डिस्क भरली की यंत्र जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतं. यंत्राचं घड्याळ अनेकदा पुढेमागे असतं. खऱ्या वेळेशी किती फरक आहे ते अर्जात लिहून द्या.

आमच्या सोसायटीत मी सचिवांकडे दोन गोष्टी मागितल्या. पार्किंगमध्ये काँक्रीटात रोवलेल्या उलट्या यू आकाराच्या लोखंडी कमानी, आणि ऑफिसात सायकलींची एक वही. कमानींचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. वही सुरू झाली आहे. त्यात मालक, खूण आणि फ्रेम नंबर असतो, आणि सभासदांच्या सायकलींसोबत वॉचमनच्या आणि कामाला येणाऱ्या बायकांच्या सायकलीही आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडेच बिल नव्हतं. म्हणून त्यांच्या सायकलींचे फोटो काढून, नंबर लिहून सोसायटीच्या लेटरहेडवर दाखला दिला आहे, की ही सायकल हे रोज इथे लावतात. वही आणि दाखला पोलिसांसमोर बिलाइतके चालतील असं नाही, पण हातात काहीच नसण्यापेक्षा ते नक्कीच बरं.