सहायक प्रशिक्षकाची वाट

प्रश्न : कोरेगाव भीमाच्या वाचकाचा पदवीधर मुलगा बास्केटबॉल खेळतो. कॉलेज संघाचा सहायक प्रशिक्षक म्हणून त्याला करिअर करता येईल का?

उत्तर : येईल, पण वाट वळणाची आहे. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत हे पूर्णवेळ पगारी पद असतं. नवे खेळाडू हेरणं, प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती अभ्यासणं हे रोजचं काम. आपल्याकडे कायम पद शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्यासाठी एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट लागते. सहायक बहुधा मानधनावरच राबतो, आणि हा अन्याय आहे.

मुलाने पुण्याच्या चंद्रशेखर आगाशे महाविद्यालयातून बी.पी.एड. करावं. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला प्रशिक्षण डिप्लोमा. १९६१ पासूनची ही संस्था देशभर मानली जाते.

तोवर गावातल्या शाळेचा संघ त्याने आजच हाती घ्यावा.